भोक पडलेली गोळी

श्रीधर, तू गेल्याला आज बावीस दिवस झाले, आणि माझा तुझ्यावरचा संशय अजून फिटलेला नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी हाच विचार केला की मलाच का सांगितलं. शेवटचे तेरा महिने तुझ्याशी अबोला धरणारा माणूस मीच, हे त्यांना ठाऊक नाही का? की ठाऊक आहे म्हणूनच सांगितलं? बघ, झालं सुरू. तू असतास तर म्हणाला असतास, "इन्स्पेक्टर, तुला कुणी चहा दिला तरी तू आधी कपात डोकावतोस." डोकावतो, नाही कशाला म्हणू? तीस वर्षं मिशिगनमधल्या या नोव्हायमध्ये मी गाड्यांचे मोडलेले भाग तपासतोय. वर्कशॉपवाले म्हणतात सप्लायरची चूक, सप्लायर म्हणतो ड्रायव्हरची, आणि कुणावरच विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. तू आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये सीटच्या डिझाइनला होतास. लोक नीट टेकून बसावेत एवढीच तुझी काळजी. आपलं दोघांचं जमलं कसं, हे माझ्या बायकोला, शुभाला, अजून कळलेलं नाही.

जमलं ते ठासणीच्या बंदुकीमुळे. लांज्याकडच्या तुमच्या गावी तुझ्या आजोबांकडे तसली एक बंदूक होती, शेतात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी. तुला कधी तिला हात लावू दिला नाही, हे तुझं आयुष्यभराचं दुःख. मिशिगनमध्ये डिसेंबरात ठासणीच्या बंदुकांचा वेगळा सीझन असतो हे समजल्यावर तू महिन्याभरात लायसन्स काढलंस, बंदूक आणलीस आणि लंचला माझ्यासमोर बसून अख्खा विधी समजावून सांगितलास. नळीच्या तोंडातून आधी मापानं पावडर ओतायची. मग तेल लावलेल्या चिंधीत शिशाची गोल गोळी गुंडाळून तोंडाशी ठेवायची आणि लांब गजानं तळापर्यंत ठासायची. मागच्या बाजूला तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा पडला की टोपी फुटते, तिची ठिणगी आत जाते आणि बार उडतो. एक बार, की पुन्हा पहिल्यापासून सगळं. मी विचारलं, दुकानात दहा गोळ्यांच्या बंदुका मिळत असताना हा उपद्व्याप कशासाठी? मला वाटलं यात नक्की काहीतरी गोम आहे. तू म्हणालास, "तू ये रे एकदा. मग शोध गोम."

आलो, आणि अडकलो. तुझ्यासारखीच बंदूक घेतली, त्याच मापाची. चिंध्या मात्र माझ्या. तू दुकानातून निळ्या पट्ट्यांचं उशीचं कापड आणायचास. माझ्याकडे नागपूरच्या घरातल्या जुन्या गादीची खोळ होती, लाल पट्ट्यांची, घट्ट विणीची. तिच्या चिंध्या कापून मी खोबरेल तेलात भिजवायचो. थंडीत त्या बिस्किटासारख्या कडक व्हायच्या आणि तू म्हणायचास, तुझ्या बंदुकीला न्हायला घालून आणल्यासारखा वास येतो.

नियम सगळे तुझे. तुझ्या गजावर दोन खुणा होत्या, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या. गज आत सोडला की बंदूक खरं सांगते, असं तुझं म्हणणं. काळी पावडर लोखंड खाते, म्हणून त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्यानं नळी धुवायची, आणि ज्याची बंदूक त्यानंच धुवायची. एकदा माझी पाठ धरली होती, तरी तू मला तुझ्या गराजमध्ये बादलीपाशी उभं केलंस आणि स्वतः चहा पीत बसलास. सडक्या अंड्याचा तो वास घरी नेल्यावर शुभानं मला बाहेरच कपडे बदलायला लावले होते.

आता त्या सकाळबद्दल.

सहा वर्षं झाली. आपण वॉल्टच्या रानात होतो. नोव्हायहून तासाभरावरचं त्या म्हाताऱ्याचं शेत, मागे ओढा, पलीकडे मक्याचे खुंट आणि घोट्यापर्यंत बर्फ. नारिंगी जाकिटं घालून आपण पडक्या कुंपणाआड बसलो होतो. बंदुका आपण एकत्रच भरल्या होत्या, गाडीच्या मागच्या दाराशी. पहिला बार माझा, तू फक्त गरज पडली तर, असं ठरलं होतं, कारण तुला आदल्या वर्षी मिळालं होतं आणि मला चार वर्षांत काहीच नाही. आठच्या सुमाराला ते नर हरीण ओढ्याकडून वर आलं. साठ पावलांवर थांबलं आणि मान वळवून आपल्याकडेच बघायला लागलं. मी घोडा ओढला. मोठा आवाज झाला, धूरच धूर झाला, आणि धूर विरला तेव्हा हरीण पडलेलं होतं.

मी ओरडलो, पडलं. तू माझ्याकडे बघत होतास. हरणाकडे नाही, माझ्याकडे. तो चेहरा मी सहा वर्षं तपासतोय. मग तू म्हणालास, "मीपण ओढला, पण माझी वरून गेली. तुझंच आहे."

एकच जखम होती. मी माझा टॅग, शिकार कुणाच्या नावावर ते सांगणारी परवान्याची चिठ्ठी, त्याच्या शिंगाला बांधला. नंतर बर्फात मी माझी जळकी चिंधी शोधत होतो. बार झाला की चिंधी दहा-बारा पावलांवर पडते, नवशिक्यालाही ती सापडते. निळ्या पट्ट्यांची मिळाली. लाल काही दिसेना. तू म्हणालास, बर्फात गेली असेल, चल, हात गोठतायत. संध्याकाळी गाडीतून उतरताना तू हात पुढे केलास: "तुझी पण दे. आज मी धुतो दोन्ही."

इन्स्पेक्टर म्हणतोस ना मला? मग तुझाच नियम तू माझ्या डोळ्यांदेखत मोडशील आणि मला काहीच वाटणार नाही, असं तुला वाटलं होतं का?

पुढे त्या हरणाची गोष्ट झाली. वहिनींनी वाटण लावून त्याचा रस्सा केला. अर्ध्या मंडळानं नाकं मुरडली आणि उरलेल्या अर्ध्यानं कृती विचारली. गोष्ट सांगायचास तू. मी कसा श्वास रोखला, मी कसा दगडासारखा बसलो होतो, सगळं हातवारे करून. माझ्या तोंडून ती कधी इतकी चांगली निघाली नसती. शिंगं माझ्या बेसमेंटमध्ये लागली. मी कौतुक घेत राहिलो. आणि तेव्हापासून तू एक नवीन खोड लावून घेतलीस. मी बंदूक भरायला लागलो की शेजारी येऊन विचारायचास, "पावडर घातलीस ना?" दर वेळी, न चुकता. मला त्याचा राग यायचा. वाटायचं, हा मला कच्चा समजतो. कधी वाटायचं, हा मला काहीतरी सुचवतोय.

मागच्याच्या मागच्या दिवाळीच्या पॉटलकला रोहितनं, पुण्याहून नुकत्याच आलेल्या त्या आयटीवाल्या पोरानं, हातातली प्लेट सांभाळत मला विचारलं, "काका, ते हरीण नक्की कुणाचं? आम्ही वेगळंच ऐकलंय यार." चारजण हसले. माझ्या डोक्यात सगळे तुकडे एकदम जुळले. तुझा तो चेहरा, ती चिंधी, धुवायला नेलेली बंदूक. समोर माझी वाहवा करायची आणि मागे खरं सांगून हसायचं, असा तुझा डाव मला स्वच्छ दिसला. जेवणानंतर पार्किंग लॉटमध्ये मी तुला गाठलं.

"तू सांगत फिरतोस," मी म्हणालो.

"काय?"

"की ते हरीण तू मारलंस आणि मला दान दिलंस."

वहिनी गाडीत बसून काचेतून बघत होत्या. तू विचारलंस, "तुला असं वाटतं?"

"वाटत नाही. दिसतंय."

"बरं," म्हणालास, आणि गाडीत जाऊन बसलास.

त्या "बरं"चा मी तेरा महिने कीस काढला. खोटं असतं तर तू चिडला असतास, असं मी शुभाला म्हणायचो. तुझे दोन फोन आले, दोन्ही उचलले नाहीत. यंदा सीझनच्या तोंडावर व्हॉइसमेल ठेवलास: "इन्स्पेक्टर, वॉल्ट विचारतोय. तुझी जागा ठेवू का?" मी तो चार वेळा ऐकला, आवाजात कुठे कुत्सितपणा सापडतो का ते बघायला. आठ दिवसांनी वहिनींचा फोन आला. तो व्हॉइसमेल मी अजून पुसलेला नाही. आता त्यात काही शोधत नाही, नुसता ऐकतो.

तुझे दिवस झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. गराजमध्ये तुझी बंदूक आणि तू केलेली ती लाकडी पेटी टेबलावर मांडून ठेवली होती. म्हणाल्या, "भाऊजी, हे तुम्ही घेऊन जा. मला यातलं काही कळत नाही आणि आमच्या नेहाला भीती वाटते." मी आधी गज नळीत सोडला. रिकाम्याच्या खुणेला बरोबर बसला. तरी बाहेर काढून पुन्हा सोडला. वहिनी बघत होत्या.

पेटी घरी आणून उघडली. पितळी माप, टोप्यांची डबी, मेणाचा गोळा. चिंध्यांचे दोन कप्पे. एकात निळ्या आणि दुसऱ्यात लाल पट्ट्यांच्या, म्हणजे मी देऊन ठेवलेल्या. तेरा महिन्यांत तू त्या फेकल्या नव्हत्यास. त्यांच्या तळाशी फिल्मच्या रोलची एक काळी डबी होती. तिच्यात एक गोळी होती, लाल चिंधीत गुंडाळलेली. चिंधी कोरी होती, खोबरेलानं पिवळी पडलेली, पण कुठे जळल्याचा डागसुद्धा नाही. आणि गोळीत वरून मधोमध एक भोक.

हे भोक कशाचं, ते ही बंदूक चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी रिपोर्टात लिहितो तसं लिहितो. नळीत पावडर पडलेली नसेल आणि वरून गोळी ठासली गेली, तर टोपी नुसती टक् करून फुटते आणि गोळी आतच राहते. मग गजाच्या टोकाला स्क्रू लावून तो शिशात फिरवत घुसवावा लागतो आणि गोळी उपटून काढावी लागते. त्या स्क्रूचं भोक राहतं. सदर गोळी कधीही उडालेली नाही. सदर चिंधी नागपूरच्या गादीची आहे.

म्हणजे त्या सकाळी तू टक् ऐकलंस. हरीण आपल्याकडेच बघत होतं, आता ते उडी मारणार, तेवढ्यात तू बार काढलास. आणि धूर विरायच्या आत ठरवून टाकलंस, की हे मला कळू द्यायचं नाही. माझ्या बंदुकीतली गोळी मला सापडू नये म्हणून ती धुवायला नेलीस. एरवी पार्किंगमध्येही सीट बेल्ट लावणारा तू, माझा टॅग तुझ्या हरणाला बांधू दिलास. पार्किंग लॉटमध्ये मी तुला खोटारडा म्हणत होतो तेव्हा ही डबी तुझ्या गराजमध्ये होती. दुसऱ्या दिवशी आणून माझ्या टेबलावर ठेवली असतीस तरी माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. ते न करता तू "बरं" म्हणालास. श्रीधर, मला रडू आलं, आणि रागही आला. एवढं चांगलं वागण्याचा तुला काय अधिकार होता?

शुभा खाली आली तेव्हा मी गोळी हातात घेऊन बसलो होतो. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग रोहितला कुणी सांगितलं असेल? मी म्हणालो, तेच तर. "मीच बोलले असेन रे," ती म्हणाली. "हरीण आणलंस त्या दिवशी तूच म्हणाला होतास ना, एवढा बार काढला तरी खांदा दुखत नाही म्हणून. मी भिशीत गंमत म्हणून सांगितलं होतं, की यांना बंदुकीचा धक्कासुद्धा बसत नाही, हरीण बहुतेक श्रीधरभाऊजींनीच मारलं असणार."

खरं आहे. धक्का बसला नव्हता. त्या बंदुकीचा धक्का खांद्याला दोन दिवस आठवण देतो, आणि मला काहीच झालं नव्हतं. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून खाणाऱ्या माणसाला ते कळणार नाही का? पण मी तो तुकडा बाजूला सारला आणि बाकीच्या तुकड्यांवरून तुझ्यावर आरोपपत्र तयार केलं.

मागच्या रविवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये तुझ्यासाठी सगळे जमले. तुझ्या लेकीनं, नेहानं, आधीच फोन केला होता, "काका, यू हॅव टू टेल द डिअर स्टोरी. बाबांसारखी कुणालाच नाही येत, बट आता तुम्हीच." मी शिंगं भिंतीवरून काढून गाडीत ठेवली होती आणि गोळी खिशात. उभा राहिलो आणि म्हणालो, ते हरीण माझं नव्हतं, श्रीधरचं होतं. मग वहिनींनी डोळ्यांना पदर लावला आणि मागून कुणीतरी हळूच टाळी वाजवली. लोकांना वाटलं, मित्राच्या दुःखात माणूस किती मोठ्या मनानं बोलतोय. नेहानं येऊन मला मिठी मारली. "काका, बाबा म्हणायचे, वन डे ही विल से इट वॉज माइन. डोन्ट बिलीव्ह हिम."

म्हणजे माझ्या आधीच तू सगळे साक्षीदार फोडून ठेवले होतेस!

मी खिशातून गोळी काढून दाखवली. ती हातोहात फिरली, प्रसादासारखी. कुणी वजन बघितलं, कुणी भोकातून आरपार दिसतं का ते पाहिलं. रोहितनं विचारलं, "काका, ही हरणाला लागलेली गोळी का?" त्या हॉलमध्ये भोकाचा अर्थ समजणारा दुसरा एकही माणूस नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. ते बोलायचं सोडून मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते माझं मलाही सांगता येणार नाही, पण रोहितला ती "हो" वाटली. गोळी खिशात परत आली तेव्हा सगळ्यांच्या हातांनी कोमट झाली होती. शिंगं वहिनींना द्यायला गेलो तर त्यांनी घेतली नाहीत. म्हणाल्या, ही तुमची आहेत, त्यांनी मला बजावून ठेवलंय.

ती डबी तू माझ्याच चिंध्यांखाली का ठेवलीस, हे मला अजून उमगलेलं नाही. कधीतरी भांडणात काढायला, की मीच कधीतरी उघडीन म्हणून? पेटी माझ्याकडेच येणार हे तुला माहीत होतं, असा मला दाट संशय आहे. आणि "पावडर घातलीस ना" हे दर वेळी विचारताना तू मला कच्चा समजत नव्हतास. पुन्हा माझी फजिती होऊ नये म्हणून तू शेजारी उभा राहत होतास. हा मात्र संशय नाही. हे मला माहीत आहे.

म्हणून जे हॉलमध्ये बोलता आलं नाही ते इथे लिहितो. मंडळाच्या अंकात छापून आलं की ते वहिनी वाचतील, नेहाला कुणीतरी वाचून दाखवेल आणि मला नाही म्हणता येणार नाही. संपादकांनी दुसरं काहीही कापावं, एवढं कापू नये.

त्या सकाळी गाडीच्या मागच्या दाराशी आपण बंदुका भरत होतो. तू मला मापावर सत्तरच्या खुणेपर्यंत पावडर घाल असं सांगितलं होतंस आणि मला संशय होता की तू स्वतः नव्वद घालतोस. म्हणून मी तुझ्या हाताकडे बघत होतो. तुझं माप भरलं, मी मोजलं, सत्तरच होतं. मग मी माझी चिंधी घेतली, गोळी घेतली आणि ठासली. गजावरची खूणसुद्धा बघितली नाही. तू किती घालतोस ते बघण्याच्या नादात, श्रीधर, मी माझी पावडर घालायचीच विसरलो.